सुटकेची बातमी

माझा धाकटा भाऊ ठाकुर्लीत दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घ्यायचा. पेपरफुटीच्या एका प्रकरणात पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावलं, दिवसभर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं. पेपर फोडणारा दुसऱ्याच क्लासचा निघाला. पण तोवर एका स्थानिक न्यूज पोर्टलवर ‘पेपर फोडणारा शिक्षक ताब्यात’ अशी बातमी आलेली, भावाच्या फोटोसकट. फोटो त्याच्याच क्लासच्या जाहिरातीतला. त्यात तो हसत होता.

मुलं एकेक करून यायची बंद झाली, तीनच उरली. पालकांपैकी कुणी विचारायलाही आलं नाही. विचारलं असतं तर सांगता तरी आलं असतं. भावाने पोर्टलला दोन मेल केले आणि सोडून दिलं. तो बोलेनासा झाला. आई त्याला खोलीच्या दाराला कडी लावू देईना.

वर्षभराने आरोपपत्र आलं. त्यात त्याचं नाव कुठेच नव्हतं. तो कागद घेऊन मी खोपटला गेले. एसटी डेपोजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, तेच पोर्टलचं ऑफिस. बातमी लिहिणारी मुलगी तिथेच भेटली. जेमतेम पंचविशीची असेल.

“ताई, पोलिसांनी सांगितलं तेच मी लिहिलं,” ती म्हणाली.

“मग आता हा कागद सांगतो ते लिही.”

“जुनी बातमी सर काढू देणार नाहीत. खाली अपडेट टाकू शकते.”

मी तिला हात जोडले. एरवी मी कुणापुढे असं केलं नसतं. ती खुर्चीतून उठलीच. “असं नका ना करू,” म्हणाली आणि माझ्यासमोर टाइप करायला बसली. ‘संबंधित शिक्षकाचा या प्रकरणाशी संबंध नसल्याचे स्पष्ट.’ वरचं शीर्षक आणि फोटो मात्र तसाच राहिला.

मी घरी पोचेपर्यंत त्या अपडेटमुळे ती बातमी नवी म्हणून सगळ्यांच्या फोनवर गेली होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकलेली. खालची ओळ वाचायला कोण थांबतंय? नव्याने राहायला आलेल्या एकाने विचारलं होतं, “हे आपल्याच बिल्डिंगमधले ना?”

भाऊ फोन हातात घेऊन बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, लोक विसरायला लागलेले गं.”

मी त्या मुलीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. “आता मी काय करू, तुम्हीच सांगा,” म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

उरलेली तीन मुलंही त्या आठवड्यात गेली. भाऊ आता भिवंडीच्या एका गोदामात पार्सलांवर लेबल चिकटवतो. सकाळी डबा देताना आई विचारते, “परत कधी शिकवायला लागशील रे?” तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहतो.