काखेतली आग

"पदर काढा," मोठे डॉक्टर म्हणाले.

पडदा लावलेला नव्हता. समोर शिकाऊ डॉक्टर उभे. चार-पाच पोरं, दोन पोरी. मी पदर काढला. डावीकडं छातीच्या जागी नुसता व्रण. सगळे तिथं बघत होते. माझ्या तोंडाकडं कुणीच नाही.

मी सांगितलं, काखेत आग होते, दंडाला आतून मुंग्या येतात, ब्लाउजचं कापड लागलं तरी जीव जातो. कॅन्सरच्या ऑपरेशनला आठ महिने झाले होते.

डॉक्टरांनी फाईलवरचं माझं आडनाव वाचलं. मग पोरांकडं वळून म्हणाले, "जखम भरलेली आहे. हे दुखणं डोक्यात आहे. या लोकांना कामावर जायचं नसतं. एखादा दाखला मिळाला की यांना बरं वाटतं."

पोरं हसली. मी पदर घेतला आणि बाहेर आले. एक शब्द बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

कामावर जायचं नसतं म्हणे. बाराव्या वर्षापासून मी राहात्याजवळच्या बागेत पेरू तोडायला जात होते. तोडणीला हात डोक्याच्या वर न्यावा लागतो. ऑपरेशननंतर तो खांद्याच्या वर जाईना. बागवाल्यानं आठवडाभर पाहिलं आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नको. त्याच्या बायकोनं तर आधीच माझा तांब्या वेगळा ठेवला होता. आजारामुळं, असं ती म्हणाली. माझ्या आईचाही तांब्या त्या घरी वेगळाच असायचा. आईला कसलाच आजार नव्हता.

घरी नवरा म्हणायचा, एवढा मोठा डाक्टर सांगतोय तर काय करायचं. हळूहळू मलाही वाटायला लागलं, आपलंच डोकं फिरलंय. कुशीवर वळलं की कळ यायची. मी तोंडात पदर कोंबून पडून राहायची.

त्याच दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक ताई होती. हात वर कसा न्यायचा ते विचारायला गेले. तिनं मला बसवलं आणि विचारत गेली. ऑपरेशनच्या आधी दुखत होतं का? होतं. झोप लागायची? नाही. माझी मावशी याच आजारानं गेली, तिचं सगळं मीच केलं होतं. झोप कुठली येणार. वय? अडतीस. काखेतल्या गाठी काढल्या? काढल्या.

ती म्हणाली, "काखेतल्या गाठी काढताना नस दुखावू शकते. त्यात आधीचं दुखणं, भीती, जागरण, कमी वय, हे असलं की दुखणं मागं राहायची शक्यता वाढते. हे आधीच कळलं तर दुखण्यावर इलाज वेळेवर करता येतो. मनाचा वाटा असतो, पण म्हणून दुखणं खोटं होत नाही."

हे सगळं ऑपरेशनच्या आधी विचारता आलं असतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथंच रडले. बरं वाटलं म्हणून नाही. इतके दिवस मी स्वतःलाच खोटं ठरवलं होतं म्हणून.

पुढच्या तारखेला पुन्हा मोठे डॉक्टर. पुन्हा पोरं. पुन्हा, पदर काढा.

"आदी पडदा लावा," मी म्हणाले. "आन् कागदावर लिवा, हिला दुखतंय म्हनून. लिवल्याबिगर मी उठनार न्हाई."

ते म्हणाले, मागं रांग आहे. मी म्हणाले, मीबी रांगेतूनच आले. मी बसूनच राहिले. मग एका पोरीनं पडदा ओढला. डॉक्टरांनी लिहिलं, दुखण्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. वर बघितलं नाही.

गोळ्या चालू आहेत. आग आहेच. बागेचं काम गेलं ते गेलं. हात पहिल्यासारखा होईलच असं नाही, ताईनं स्पष्ट सांगितलंय.

आता वस्तीतल्या एकीला छातीत गाठ निघालीय. तिचं ऑपरेशन ठरलंय. ती म्हणते, आपन काय बोलनार तिथं. मी तिच्याबरोबर जाणार आहे. चाकू लावायच्या आधी, ताईनं मला विचारलं ते सगळं हिला विचारा, असं डॉक्टरांना सांगणार आहे. मला वेडी म्हणतील. म्हणू देत. त्यांनी तिला विचारल्याशिवाय मी दारातून हलणार नाही.