एका गाडीचा बस्ता

एक गाडी घ्यायला मी अकरा माणसं घेऊन गेले, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा. बारीकसारीक गाढवपणे पुष्कळ आहेत, ते माझी जाऊ कुणालाही फुकट सांगते. हा मात्र मीच सांगायला हवा, कारण त्या दिवशी मी स्वतःला लई शहाणी समजत होते. चार वर्षं झाली त्याला. मी तेव्हा तरुण होते, अवघी सदुसष्ट वर्षांची.

गाडी सुनेला घ्यायची होती, तिच्या पगारातून. ती मढच्या पुढे एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आम्ही ओतूरला राहतो. शाळेला ती स्कूटरवर जायची, पावसात भिजायची, धुक्यात चाचपडायची, पण त्याबद्दल कधी कुरकुर नव्हती. तिचा जीव अडकला होता दुसरीकडे. तिची आई, म्हणजे माझी विहीण, आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या पलीकडे एकटी राहते. गुडघे गेलेत, पण घर सोडायला तयार नाही. "लेकीच्या सासरी जाऊन मी काय कोपऱ्यात बसू?" असं माझ्या तोंडावर म्हणाली होती. म्हणून सून महिन्यातून एखाद्या रविवारी एसटीनं जायची. जुन्नरला एक गाडी बदला, घोडेगावला दुसरी, आणि आईजवळ टेकते न टेकते तोच परतीच्या गाडीची वेळ. तिला दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की थेट आईकडे जायचं होतं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं होतं. एवढंच.

पेट्रोलची गाडी दर आठवड्याला पळवणं तिच्या पगाराला झेपणारं नव्हतं. आमच्या घरावर सोलर बसवलेलं, म्हणून विजेची गाडी. पण विहिणीकडे विजेचा दाब असा, की संध्याकाळी बल्बसुद्धा डोळे किलकिले करून बघतो. तिथं गाडी चार्ज होण्याची आशा नाही. म्हणजे घरून भरून निघालेली गाडी जाऊन-येऊन पुरायला हवी. लहान बॅटरीची स्वस्त गाडी येताना घाटात कुठंतरी राम म्हणणार. मोठ्या बॅटरीची हवी, आणि ती नेमकी हाताबाहेर.

आषाढात मंचरच्या एका शोरूममध्ये त्या मोठ्या बॅटरीच्या गाडीवर सूट लागली. सुनेनं मोबाइलवरचा आकडा मला दाखवला. 

"आई, रविवारी जाऊन टोकन भरून येते."

तिथं मी तोंड घातलं.

"एकटी जाऊ नको. एकट्या बाईला कोण भाव देतंय? बस्त्याला कधी कुणी एकटं जातं का?"

आता सांगते, बस्त्यात माझा हात धरणारं आमच्या भावकीत कुणी नव्हतं. कुणाचंही लग्न ठरलं की जीपमध्ये पहिली जागा माझी. जी साडी हवी तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. दोनदा उठून चपला घालायच्या. आणि मुख्य म्हणजे माणसं भरपूर न्यायची. दहा-बारा बायका गादीवर बसल्या की दुकानदाराला वाटतं, आज दिवाळी. मग तो चहा सांगतो, भाव सोडतो आणि वर मानाचं पातळ फुकट देतो. चाळीस वर्षं हे चाललं होतं. साडीला चालतं ते गाडीला का चालू नये?

सून म्हणाली, "आई, तिथं भाव ठरलेले असतात."

"ठरलेले भाव मोडायलाच माणसं न्यायची असतात," मी म्हणाले. काय पण आत्मविश्वास! आता आठवलं की पदरात तोंड लपवावंसं वाटतं.

रविवारी भाड्याची जीप केली. जाऊ, नणंद, चुलत जावा, शेजारची, दोघं दीर. मला सोडून, सुनेला धरून अकरा. जाताना मी सगळ्यांना पढवलं: प्रत्येकानं मोठ्या बॅटरीचीच गाडी विचारायची, म्हणजे त्यांना वाटेल घाऊक गिऱ्हाईक आलंय.

शोरूममध्ये तिशीतली एक बाई होती, बोलण्यावरून आंबेगावकडचीच. हातात टॅब. आमची वरात बघून ती उठूनच उभी राहिली.

"यातलं गिऱ्हाईक कोण?"

"समदे," मी म्हणाले.

जाऊ तोवर गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली होती, ती काही केल्या उतरेना.

"एशी लाव की गं बाई. आन् मला बी हीच, मोठ्या बॅटरीची. रंग मोरपंखी दाव."

"मोरपंखी नाही मावशी. पांढरा, राखाडी आणि लाल आहे. पांढऱ्याला जास्तीचे पैसे नाहीत, लालला आहेत."

"का? लाल काय कुंकवानं रंगवलाय?"

बाई हसली आणि तिनं एकेकाचं नाव, नंबर, कुठली गाडी हवी, सगळं टॅबवर भरून घेतलं. माझी माणसं तालीम केल्यासारखी बोलली. "मोठ्या बॅटरीची", "मोठ्या बॅटरीची". थोरल्या दिराला ऐकू कमी येतं, तोही वेळेवर मान हलवत होता. मग मी पुढं झाले.

"एवढी माणसं आलीत तुमच्या दारात. आणखी काहीतरी सोडा."

"आजी, मी वरच्या ऑफिसला कळवते. उद्या सांगते."

मला वाटलं, पडला भाव. सून हळूच म्हणाली, "आई, सूट आहे तोवर आज टोकन भरून टाकू?"

"आज भरलंस तर आपली गरज दिसंल. उद्यापर्यंत कळ काढ."

येताना नारायणगावला सगळ्यांनी मिसळ खाल्ली. पैसे मी दिले, विजयाचे.

सोमवारी फोन आला तेव्हा सून शाळेतून नुकती आली होती, रेनकोटचं पाणी फरशीवर गळत होतं. ती नुसतं "हो... बरं... बरं" म्हणत राहिली. फोन ठेवून तिनं मला शांतपणे सांगितलं. दोन महिने त्या गाडीला तिथं कुणी विचारत नव्हतं, म्हणून कंपनीनं सूट दिली होती. काल एका दिवसात अकरा जणांनी तीच मागितली. ऑफिसला वाटलं, इथं मागणी वाढली. सूट बंद. शिवाय आता मोठी बॅटरी हवी असेल तर छताला काच असलेलं महागडं मॉडेलच घ्यावं लागेल. साधं छत आणि मोठी बॅटरी असा पर्यायच काढून टाकला.

मला पटकन खताचं दुकान आठवलं. युरियाची टंचाई झाली की दुकानदार म्हणतो, युरिया पाहिजे तर ही औषधाची बाटलीपण घ्या. बाटली कुणालाच नको असते. ही छताची काच म्हणजे तीच बाटली!

सून कपडे बदलून पोळ्या करायला लागली. शाळेतल्या पोरांनाही ती अशीच गप्प राहून रडवत असणार. भांडली असती तर मी चार शब्द परत बोलून मोकळी झाले असते.

दोन आठवड्यांनी ती आईकडे जाऊन आली, तर छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या, साडी पोटरीपर्यंत चिखलानं भरलेली. आईनं दिलेले हातसडीचे तांदूळ तेवढे कोरडे आणले होते, पोटाशी धरून. "आई म्हणते, एवढ्या पावसात येत जाऊ नको," असं सांगून ती आत गेली. मी तांदूळ डब्यात भरले आणि स्वतःला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की माझ्या सासूनंही कधी घातल्या नसतील.

त्या दिवसापासून मला नाद लागला. नातीकडून मोबाइलवर ते पान कसं उघडायचं ते शिकले. सकाळी चहाच्या आधी गाडीचा भाव. किती खेळ असतात त्यात! लाल गाड्या पडून राहिल्या की लालचे जास्तीचे पैसे गायब, आणि पांढऱ्याला थांबा दोन महिने. मागणी मंदावली की घरचा चार्जर फुकट, वाढली की चार्जरचे पैसे वेगळे. स्वस्त मॉडेल जाहिरातीत दिसायचं, पण विचारायला गेलं की म्हणे शिल्लक नाही. आधी मी दातओठ खायचे. मग एके दिवशी चहा पिता पिता हसूच आलं. बस्त्याचा दुकानदार तरी दुसरं काय करतो? लग्नसराईत आपल्याकडे बघतसुद्धा नाही, आणि आषाढात रस्त्यावर येऊन हाका मारतो. मी चाळीस वर्षं त्याच्या गादीवर बसून त्याचा चहा प्याले, आणि एवढं मला समजलं नव्हतं. ऐन आषाढात मी वैशाखाची गर्दी घेऊन गेले होते. मग भाव चढणार नाही तर काय होईल?

मी उलटा डाव टाकून पाहिला. सगळ्यांना निरोप धाडले: शोरूममधून फोन आला की गाडी नको म्हणून सांगा. जावेनं तर फोनवर असं ओरडून "आमाला नगं!" सांगितलं, की चार घरांत ऐकू गेलं. उपयोग शून्य. पुढं गणपती होते, गिऱ्हाईक येणारच होतं. कंपनी काय आमच्या जावेवर चालत होती?

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. आमच्या घरी या पंधरवड्यात सुईसुद्धा विकत आणत नाहीत. नियम माझाच. एकदा मुलानं पितृपक्षात टेबलफॅन आणला, तो मी त्याला परत करायला लावला होता, आणि पंधरा दिवस सगळं घर घामानं निथळत होतं. अशी मी धर्मनिष्ठ.

तर एका संध्याकाळी सून ओट्याशी भोपळा चिरत असताना फोन वाजला. मी बाहेर देवापुढं वाती वळत होते, कान मात्र आत.

"नको मॅडम, आमच्याकडे या दिवसांत काही घेत नाहीत," ती म्हणत होती. "हो, साधं छत आणि मोठी बॅटरी, तेच हवं होतं... हो, सूट घटस्थापनेला परत बंद होणार, कळलं मला... नाही, नको. थँक्यू हं."

सुरी पुन्हा चालायला लागली. मी आत गेले.

"काय म्हणत व्हती?"

"काही नाही, आई."

मला विचारावंसंसुद्धा तिला वाटलं नव्हतं. माझा नियम तिनं मुकाट्यानं आपल्या आईच्या आड येऊ दिला होता. मी तिथंच पाटावर बसले. पितरांना काय वाटेल याचा विचार करायला लागले, तर डोळ्यांसमोर आमच्या सासूबाई. त्या आता पितरांतच आहेत. त्यांना ही गाडी दिसली तर पहिला प्रश्न एकच विचारतील: कितीला पडली? आणि या पंधरवड्यात स्वस्त मिळत असताना मी दसऱ्याला महाग घेतली असं कळलं, तर कावळा वर्षभर घासाला शिवायचा नाही.

"फोन लाव तिला," मी म्हणाले. "सांग, उद्या येतोय."

सून सुरी ठेवून वळली. "आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. लोकं गोळा करायची सवय हाय मला."

लोकांत पहिली जाऊच आली. "अक्का, पितरपाठात गाडी? मंग त्या पंख्यानं काय पाप केलं व्हतं?"

"त्यो पंखा माज्या विहिणीच्या दारात जात नव्हता," मी म्हणाले. ती मग म्हणाली, "मला बसवा म्हंजे झालं."

मंचरला आम्ही दोघीच गेलो. शोरूममध्ये शुकशुकाट. तीच बाई पुढं आली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं दरवाज्याकडे बघितलं.

"आजी, बाकीचे?"

"बाकीचे पितर झाले," मी म्हणाले, आणि नंतर सह्या होईपर्यंत तोंडात बडीशेप धरून बसले. एक शब्द बोलले नाही. भाव विचारला नाही, चपला घातल्या नाहीत, चहासुद्धा सांगितला तेवढाच प्याले. पांढरी गाडी, साधं छत, मोठी बॅटरी.

कागदपत्रं होऊन गाडी दारात आली तेव्हा पक्ष संपायला थोडे दिवस बाकी होते. शनिवारी शाळा सुटल्यावर सून म्हणाली, "आई, चला." मी मागंपुढं केलं. विहीणबाई कडक. माझ्यापेक्षा चार सणवार जास्त पाळणारी. तिच्या दारात ही पितृपक्षातली गाडी घेऊन मी कशी उभी राहू? पण गेले. गाडीला आवाज नाही, मला दोनदा वाटलं बंद पडली. घोडेगाव मागं पडलं, मग धरणाचं पाणी दिसायला लागलं. सून समोरच्या काचेतून बघत होती आणि मी त्या बॅटरीच्या आकड्याकडे. निम्म्याच्या वर होता. त्या आकड्याकडे मी एखाद्या देवाकडे बघावं तशी बघत होते.

विहीण काठी टेकत अंगणात आली. सून उडी मारावी तशी उतरली आणि तिच्याजवळ गेली. मी मात्र उतरलेच नाही. काच खाली केली आणि आतूनच सगळं एका दमात सांगून टाकलं: अकरा माणसं मी नेली, भाव मी चढवला, तुमची लेक सगळा पावसाळा एसटीनं आली ती माझ्यामुळं, आणि आता गाडी घेतली तीही पितरपाठात, तीही मीच घ्यायला लावली, तिला काही बोलू नका.

विहिणीनं गाडीभोवती एक चक्कर मारली. मग खिडकीशी आली, आणि म्हणाली:

"इहीणबाई, लेक दर शनवारी दारात उभी ऱ्हानार आसंल, तर गाडी आवसंला घ्या न्हाईतर गिराणात घ्या, मला काय त्याचं? उतरा आता खाली, भाकरी निवायला लागलीय."