कोयनेकाठची चुन्याची रेघ

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सांगलीहून निघालो तेव्हा खिशात दत्तूचं कार्ड होतं. दत्तू माझा आतेभाऊ. कोयनेच्या खोऱ्यात धरण बांधून वीज काढता येईल का, याची पाहणी चालली होती. त्या तुकडीत तो ओव्हरसिअर होता. कार्डावर त्यानं लिहिलं होतं, "चार दिवसांची रजा काढ आणि ये. तुम्ही तिकडे धूर करून वीज काढता. धुराशिवाय कशी काढायची ते बघून जा."

टोमणा होता, पण खोटा नव्हता. मी एका वीजघरात फिटर होतो. तेलावर चालणारी दोन मोठी इंजिनं दिवसरात्र धडधडत. लढाईच्या दिवसांत तेल मिळेना, तेव्हा गावाला आळीपाळीनं अंधारात ठेवायची पाळी आमच्यावर आली होती. लढाई संपून दुसरा हिवाळा लागला तरी ओढाताण चालूच होती. वीजघरामागच्या आळीत बायका वाळत घातलेली लुगडी वाऱ्याची दिशा बघून उचलत. इंजिनातलं जळकं तेल ओहळातून नदीकडे जाई. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाशी त्याचा सप्तरंगी तवंग धरे आणि म्हशी तिथून पुढे सरकून पाण्याला तोंड लावत. हे मी बारा वर्षं पाहत होतो. त्यामुळे नुसत्या पाण्याच्या जोरावर चाक फिरतं आणि ना धूर ना काजळी, अशी वीज तयार होते, हे वाचलं की मला तीर्थक्षेत्राचं वर्णन वाचल्यासारखं वाटे.

मिरजेला गाडी बदलून दुपारी कऱ्हाडला उतरलो. स्टेशनापासून टांग्यानं गावात आलो आणि पाटणच्या पुढे हेळवाकपर्यंत जाणारी सर्व्हिस मोटार पकडली. मोटारीच्या पाठीला पाण्याच्या बंबासारखी एक भट्टी जोडलेली होती. पेट्रोलच्या टंचाईत लाकडी कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवायची रीत पडली होती, ती अजून सुटली नव्हती. निघण्याआधी क्लीनर अर्धा तास पंख्याची मूठ फिरवत होता. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. विचारलं, "कोळसा कुठून आणता?"

"हितनंच की," त्यानं समोरच्या डोंगराकडे हनुवटी उडवली. "वरच्या अंगाला भट्ट्या लागत्यात. आदी ह्यो समदा डोंगूर काळा दिसायचा, झाडीनं. आता बगा."

पाहिलं. पाटण मागे टाकल्यावर उजवीकडचा उतार न्हाव्यानं अर्धवट सोडलेल्या डोक्यासारखा होता. कुठे दाट रान, कुठे नुसते बुंधे. पुढे एका चढावर गॅस कमी पडला आणि मोटार मागे सरायला लागली. क्लीनरनं चाकांना दगड लावले. आम्ही सगळे उतरलो आणि ढकलू लागलो. माझी जागा नेमकी भट्टीपाशी आली. वर पोचलो तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं. एक म्हातारा प्रवासी म्हणाला, "पाव्हणं, आता तुमी आमच्यातलंच झाला."

हेळवाकला दत्तू रस्त्यावर उभाच होता. माझा अवतार पाहून तो पोट धरून हसला आणि आधी मला नदीवर घेऊन गेला. कोयनेचं पाणी इतकं निवळ होतं की घोटाभर पाण्यातले खडे मोजता येत होते. मी धोतर पाण्यात बुडवलं तेव्हा काळा पट्टा प्रवाहात लांबत गेला. मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूनं मला घाटमाथ्यावर नेलं. पूर्वेला कोयनेचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलेलं, आणि पश्चिमेला दोन पावलांवर जमीन संपलेली. खाली कोकण. इतकं खाली की घारी आमच्या पायांखाली घिरट्या घालत होत्या.

"ही नदी दक्षिणेला वाहते, मग पूर्वेला वळून कऱ्हाडला जाते," दत्तू म्हणाला. "तिला इथं अडवायची. डोंगराच्या पोटातून भुयार काढायचं आणि पाणी या बाजूला सोडायचं. एवढ्या उंचीवरनं नळातून पडणारं पाणी चाकावर आदळलं तर काय होईल? सांग, तू फिटर आहेस."

माझी दोन इंजिनं मला खेळण्यातली वाटायला लागली. तेल नको, कोळसा नको; दर वर्षी आभाळ कोठार भरून देणार. मी दत्तूला म्हणालो, "हे झालं पाहिजे." तो म्हणाला, "होईल तेव्हा होईल. अजून सगळं कागदावर आहे."

त्या दिवशी दत्तूचा एक पट्टीवाला तापानं पडला होता, म्हणून पट्टी धरायचं काम मी घेतलं. आकडे रंगवलेली ती उंच पट्टी दाखवलेल्या जागी ताठ धरायची. दत्तू लांबून दुर्बिणीतून आकडा वाचून वहीत टिपे. असं करत करत दुपारी आम्ही उंबरवाडीत उतरलो. नदीच्या काठाला दहा-पंधरा घरं, मागे वरीची आणि नाचणीची कापणी झालेली खाचरं, गाळवाचं, म्हणजे उंबराखालच्या रानदेवाचं, एक लहानसं देऊळ आणि कडेनं जुने आंबे. अंगणाअंगणांत हिरडे वाळत घातले होते.

शेवटच्या घराशेजारी नवं जोतं उठत होतं. एक सुतार मेढ (घराचा मुख्य खांब) तासत होता आणि पन्नाशीची एक बाई दगड उचलून देत होती. दत्तूनं मला त्या जोत्यावरच पट्टी धरायला सांगितली. बाईनं हातातला दगड खाली ठेवला आणि आकडा टिपून होईपर्यंत एकटक पाहत राहिली. मग म्हणाली, "उनाचं आलाय. भाकरी खाऊन जावा."

तिचं नाव ठकूबाई. नवरा मुंबईला गिरणीत होता आणि होळीला घरी येई. जुनं घर गेल्या पावसाळ्यात एका अंगाला खचलं होतं, म्हणून ती नवं बांधत होती. मेढीचं लाकूड तिनं आणि तिच्या दिरानं वरच्या रानातून आणलेलं. आम्हांला नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं (पातळ पिठलं) आणि गाडगंभर ताक मिळालं. सांगलीत मी हॉटेलांतून पुष्कळ जेवलो आहे, पण त्या माडग्याची चव मला अजून सांगता येत नाही.

दत्तू हात धुवायला ओढ्यावर गेला तसं तिनं विचारलं, "पाव्हणं, वरल्या अंगाला झाडांवर चुन्याची रेघ वढल्याय तुमच्या मानसांनी. ती कशाची?"

"मोजणीची," मी म्हणालो.

"मोजनीची ठावं हाय. पानी तितवर येनार, असं लोक म्हनत्यात. मी घर बांदू का नको, येवडंच सांगा."

मी म्हणालो, "अजून काही ठरलेलं नाही."

हे खरंच होतं. तरी बोलल्याबरोबर मला कळलं की मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. तिलाही कळलं. तिनं माझ्या गाडग्यात आणखी ताक ओतलं.

तंबूत परतल्यावर दत्तू आकडेमोड करत बसला. मी त्याच्या खांद्यावरून वही पाहिली. आकडे वाचायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. धरण ठरल्याप्रमाणे झालं, तर ठकूबाईच्या जोत्यावर तीस पुरुष पाणी उभं राहणार होतं. देऊळ, आंबे, खाचरं, सगळं पाण्याखाली जाणार होतं. चुन्याची रेघ उंबरवाडीच्या पार वरून, जिथं गुरं चरतात तिथून जात होती.

मी म्हणालो, "दत्तू, तिला सांगायला पाहिजे."

"सांगायचं नाही असा हुकूम आहे."

"का?"

"का म्हणजे?" त्यानं वही मिटली. "जागा बदलेल, उंची बदलेल, सरकार बदलेल. दहा वर्षं काही होणार नाही, कदाचित कधीच होणार नाही. आज तू सांगितलंस आणि तिनं घर बांधायचं सोडलं, पुढल्या पावसाळ्यात जुनं घर अंगावर पडलं, तर ते पाप कुणाचं? तुझं की माझं? सकाळी घाटमाथ्यावर हे झालं पाहिजे म्हणाला होतास. आता पाय का मागे घेतोस?"

त्याचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. आणि माझंही मत बदललं नव्हतं. ती वीज मला हवीच होती. पण मी जेवलो होतो तिच्या घरी. आणि तिनं विचारलं होतं ते धरणाचं नाही, घराचं. लहानपणापासून एका ताटात जेवलेले आम्ही, पण त्या दिवशी त्यानं माझं ताट वेगळं वाढायला सांगितलं.

सकाळी मी एकटाच उंबरवाडीला गेलो. सुतार मेढ उभी करायच्या तयारीत होता. खड्डा खणून झाला होता. मी ठकूबाईला म्हणालो, "काल मी नीट बोललो नाही. माझ्याबरोबर वर चला."

ती पदर खोचून निघाली. चढ चांगलाच होता. मला दोनदा थांबावं लागलं, ती दोन्ही वेळा पुढे उभी राहून वाट पाहत होती. एका ऐनाच्या झाडावर छातीच्या उंचीवर चुन्याचा पट्टा होता. मी म्हणालो, "धरण झालं तर पाणी इथपर्यंत येईल. होईल की नाही, कधी होईल, मला ठाऊक नाही. मोजणारांनाही ठाऊक नाही. पण झालं तर इथपर्यंत."

ती वळली आणि खाली पाहू लागली. तिथून उंबरवाडी तळहाताएवढी दिसत होती. छपरांतून चुलीचा धूर निघत होता.

"देऊळ बी?"

"हो."

"आन आंबं?"

"तेही."

"समदी वाडीच म्हना की." तिनं झाडावरच्या चुन्यावर बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट पाहिलं आणि पदराला पुसलं. "ह्या पान्याची ईज करनार न्हवं तुमी? ती जानार कुटं?"

"मुंबईला. गिरण्यांना. पुढे साताऱ्या-सांगलीलाही येईल."

"गिरनीला," ती म्हणाली. "म्हंजी आमच्या मालकाकडं." आणि ती हसली. हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणून तर मला ते सहन होईना. मग तिनं विचारलं, "आन आमाला?"

उत्तरही तिनंच दिलं. "आमी हितं नसूच तवा. दिवा लावायचा कुनाच्या घरात?"

उतरताना ती पुढे होती. मधेच थांबून तिनं मला करवंदीच्या जाळीआडचा एक झरा दाखवला. "ह्यो उनाळ्यात बी आटत न्हाई. ह्येचं पानी तरी पिऊन जावा." मी ओंजळीनं प्यालो.

खाली आल्यावर तिनं सुताराला हाक मारली आणि मेढ खड्ड्यात पुरू नको म्हणून सांगितलं. सुतार वैतागला. म्हणाला, "आवं, मग उबी कशी ऱ्हानार?"

"दगडावर बसीव. आन खिळं मारू नगंस. समद्याला लाकडाच्या खुंट्या घाल. उकलून न्हेता ईल, असं घर कर मला."

"न्हेनार कुटं?"

"ते मला तरी कुटं ठावं हाय? पन पावसाळा काय थांबनार न्हाई. घर तर लागलंच." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "जोत्याचं दगूड तेवडं ऱ्हातील हितं. ऱ्हाऊ द्यात."

मी तासभर थांबलो. खुंट्या कशा तासायच्या आणि सांध्यात थोडी सैल जागा कशी ठेवायची, म्हणजे लाकूड फुगलं तरी सांधा उकलता येतो, यावर सुताराशी बोललो. तेवढंच माझ्या कामातलं होतं. दोन सांधे आम्ही मिळून बसवले.

दुसऱ्या दिवशी निघालो. दत्तू मोटारीपर्यंत आला. त्याला कळलं होतंच. खोऱ्यात काही लपत नाही. तो म्हणाला, "वरून विचारणा झाली तर मी तुझं नाव सांगणार नाही." मी म्हणालो, "सांग. हरकत नाही." मोटार सुटता सुटता त्यानं खिडकीतून हिरड्यांची पुडी आत दिली. "मामीकडे दे. घशाला बरे असतात."

कऱ्हाडला गाडीला अवकाश होता म्हणून संगमावर गेलो. इथे कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात आणि वळून एकत्र निघतात. हे पाणी पुढे आमच्या सांगलीच्या घाटाला लागतं. आमचं गाव ते पितं, त्यावर मळे करतं आणि चढलं की त्याच्या नावानं बोटं मोडतं. उद्या त्यातलं किती पश्चिमेला वळेल आणि आमच्या घाटाशी काय उरेल, याचा हिशेब दत्तूच्या वहीत मला दिसला नव्हता. इंजिनाचा धूर निदान ज्यांना दिवा मिळतो त्यांच्याच अंगणात पडतो. पाण्याच्या विजेला धूर नाही हे खरं, पण तिची झळ बसते ती डोंगरापलीकडे, दिव्याच्या उजेडात न दिसणाऱ्या माणसांना. म्हणून ती करू नये असं मला म्हणता येत नाही. न पाहता करू नये, एवढं मात्र म्हणेन.

गाडीत समोर सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते. कुठून आलो ते सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले. "मग येणार म्हणायची वीज? फार बरं होईल. आणि तिकडे आहे काय, नुसतं रान. चार झोपड्या असतील."

मी म्हणालो, "उंबरवाडी म्हणून एक गाव आहे. तिथं ठकूबाई नावाची एक बाई घर बांधते आहे." त्यांनी पाय वर घेतले, पानाचा डबा उघडला आणि मला एक विडा दिला. मी सांगत गेलो. मिरजेला गाडी थांबली तेव्हा मी अजून सुताराच्या खुंट्यांपाशी होतो, आणि ते म्हणाले, "उतरू नका लगेच. पुढे काय झालं?"