ओहोटीच्या वेळेचा शेक

समुद्रावर नजमुद्दीन तांडेलाइतका थंड माणूस दिघीच्या खाडीत दुसरा नव्हता. वारा पडला की तो मचव्याचं शीड उतरवायचा, नांगर टाकायचा आणि विडी पेटवून बसायचा. खलाशी चुळबुळ करत. हा आभाळाकडे बघत राही. वारा आला की विडी अर्धी टाकून उठे.

जमिनीवर पाय पडला की हाच माणूस उकळता चहा तोंडाला लावून जीभ पोळून घेई. त्याची बायको नूरबानू म्हणे, "दर्याची वाट बघता, चहाची बघवत न्हाय?"

"दर्या माझं ऐकत न्हाय गो, म्हणून थांबतो. घरातलं सगळं ऐकतं असं वाटलं होतं." मग जिभेवर साखर ठेवत म्हणे, "चहानंबी ऐकलं न्हाय."

एकोणीसशे अठ्ठावीस सालचा वैशाख होता. हंगामाची शेवटची फेरी. सुपारी मुंबईला उतरवून मचवा परत येत होता. रेवदंड्यासमोर शीड उतरवताना दोर निसटला आणि शिडाचं आडवं लाकूड धाडकन खाली येऊ लागलं. तांडेलानं ते एका हातानं धरलं. लाकूड वाचलं. खाली उभा असलेला खलाशीही वाचला. उजवा खांदा मात्र तेव्हापासून रुसला.

आधी दुखला. मग दुखणं कमी झालं आणि खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. सदरा घालताना नूरबानू आधी आपला हात बाहीत घाली, आतून त्याचा पंजा शोधी आणि बाहेर ओढी. "वासरू जन्माला घालतेस काय?" तो विचारी.

"वासरू शहाणं असतं. ते स्वतःबी जोर लावतं."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मचवा मोहम्मद शेठचा. नजमुद्दीन त्यावरचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा मुख्य. पावसाळ्यासाठी तो किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारला, त्या दिवशी शेठनं स्पष्ट सांगितलं, "नारळी पुनवेनंतर मचवा पाण्यात जाईल. सुकाणूला दोन हात लागतात. तुझे दोन असले तर तू. न्हायतर करमअली."

करमअलीला सुकाणू धरायला नजमुद्दीननंच शिकवलं होतं. पोर इतकं नीट शिकेल असं तेव्हा त्याला वाटलं नव्हतं.

मग औषधं सुरू झाली. मुंबईहून आणलेली मालिशची बाटली त्यानं एका बैठकीत संपवली. थेंबानं आराम पडतो तर बाटलीनं बरंच वाटेल, हा त्याचा हिशोब. खांद्याची कातडी केळीच्या सालीसारखी सुटली. हकिमानं रोज सुपारीएवढं चाटण घ्यायला सांगितलं होतं. ते त्यानं नारळाएवढं घेतलं आणि दोन दिवस परसाकडच्या वाटेवर काढले. "दुखणं खांद्याला, आणि सजा पोटाला," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "आमच्या घरात इन्साफ असाच असतो."

शेवटी नूरबानूनं बोर्लीच्या बाजारातून मनुबाईला आणलं. मनुबाई पंचक्रोशीत हाडं बसवायची. घरची भातशेती होती. पेरणीच्या चिखलाचे पाय धुऊन ती ओटीवर बसली आणि तिनं खांदा सगळीकडून दाबून पाहिला.

"मोडलं न्हाय. गंजलंय," ती म्हणाली.

तिचा उपाय साधा होता. उंडीचं कडू तेल कोमट करून लावायचं. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून त्याचा शेक घ्यायचा. मग तुळईवरून दोरी टाकायची, एक टोक उजव्या हातात, दुसरं डाव्या. डाव्यानं उजव्याला हळूहळू वर न्यायचं. दुखेल तिथं थांबायचं.

"रोज," मनुबाई म्हणाली. "आनि ठरल्या येळेला. चुकवायचं न्हाय."

"किती दिस?"

"खांदा सांगंल."

"त्याला तोंड हाय?"

"तुमच्यापरीस कमी हाय, तेच बरं."

पहिल्याच दिवशी तांडेलानं दोरी पाहिली आणि तीस वर्षांची सवय अंगात आली. दोरी दिसली की ओढायची. त्यानं उजवा हात शिडासारखा एका झटक्यात चढवला. शेजारची माणसं धावत आली तेव्हा तो ओटीवर आडवा होता आणि नूरबानू त्याला वारा घालत होती.

"काय झालं तांडेल?"

"काय न्हाय. तुफानात शीड चढवलं."

पण त्यानंतर तो बदलला. खरोखर बदलला. ज्या माणसाला चहा निवेपर्यंत थांबवत नव्हतं, तो तेल, पाला आणि दोरी घेऊन नेमानं बसू लागला. एकही दिवस चुकला नाही. गावाला नवल वाटलं. त्याला स्वतःला त्याहून जास्त वाटलं. "माझ्यात कुणी दुसराच शिरलाय," तो म्हणे. "निघेपर्यंत काम करून घेतो त्याच्याकडून."

नूरबानू मात्र दिवसेंदिवस सुकत चालली.

आषाढात मनुबाई पुन्हा आली. सकाळची वेळ होती. तांडेल ओटीवर विडी ओढत होता.

"शेक झाला?"

"अजून भरती हाय," तो म्हणाला.

मनुबाईला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तेवढ्यात आतून नूरबानू आली. तिच्या हातात उलथनं होतं.

"बरी आलीस मनुबाय. हे कसलं औषध दिलंस? आज सकाळी, तर काही दिसांनी दुपारी. मागं एकदा सोयऱ्यांची माणसं जेवायला बसलेली, हे ताटावरून उठले. म्हणे शेकाची वेळ. वाढता वाढता मी पाला भाजायला बसले. चूल विझवायची सोय न्हाय, झोपायची सोय न्हाय. हात यांचा बरा होईल, मी जाईन."

"ठरल्या येळेला म्हंजी रोज एकाच येळेला," मनुबाई म्हणाली.

"तू ठरल्या वेळेला म्हणालीस," तांडेल ठामपणे म्हणाला. "ओहोटी लागली की मी बसतो. कधी चुकलो न्हाय."

मनुबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या गावाला समुद्र नव्हता. ती सूर्याबरोबर उठे आणि सूर्याबरोबर गुरं बांधी. याचा सगळा जन्म खाडीच्या तोंडाशी गेला होता. मचवा आत यायचा तो भरतीला, बाहेर पडायचा तो ओहोटीला. वेळ म्हटली की त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं. आणि ओहोटी रोज थोडी पुढे सरकते. तिच्यामागं तांडेलाचा शेक सरकत होता, शेकामागं चूल, चुलीमागं नूरबानू. सगळं घर दिवसरात्रीच्या चोवीस तासांवरून हळूहळू गोल फिरत होतं.

मनुबाई हसू लागली. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून हसली. नूरबानूला आधी राग आला. मग तीही खाली बसली आणि उलथनं कपाळाला लावून हसत सुटली.

तांडेल गंभीर होता. "का? त्यानं बिघडलं?"

"बिघडलं काय न्हाय. पाल्याला कुठं कळतं दर्या चढला का उतरला," मनुबाई डोळे पुसत म्हणाली. "येळ बांधायची ती इसरू नये म्हून."

"ओहोटी मी विसरत न्हाय."

नूरबानूनं कपाळावरचं उलथनं खाली घेतलं.

"नमाजाची वेळ धरता ती दर्याला विचारून धरता काय?"

तांडेलानं विडी खाली ठेवली. मग म्हणाला, "एवढी अक्कल घरात होती, आणि मी बोर्लीहून मागवली."

दुसऱ्या दिवसापासून फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर शेक ठरला. आणि मग खरी कसोटी लागली. ओहोटी लागताना खाडी आवाज करते, वास बदलतो, अंगाला आपोआप कळतं. सकाळ नुसती येते. ती कुणाला हलवत नाही. तो नमाज आटोपून ओटीवर येई आणि दोरीकडे बघत बसे. आज राहू दे, असं रोज वाटे. खांदा तर कालच्यासारखाच असे, परवासारखाच असे. वारा निदान येतो तेव्हा कळतं. खांद्याला गुण येत होता की नव्हता, तेही कळत नव्हतं.

"घाण्याच्या बैलाला हसायचो मी," तो नूरबानूला म्हणाला. "माफी मागायला हवी त्याची."

"त्याचं तेल तरी निघतं," ती म्हणाली आणि कोमट वाटी पुढे केली.

नमाज सुरू करताना दोन्ही हात कानांपर्यंत न्यायचे असतात. त्याचा डावा हात कानाला लागे, उजवा छातीशी थांबे. श्रावणात एका पहाटे उजवा गळ्यापर्यंत आला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मग हनुवटी. नारळी पौर्णिमा आली तेव्हा बोटं कानाच्या पाळीला टेकत होती.

मचवा पाण्यात लोटायच्या आदल्या दिवशी मोहम्मद शेठ आला. मचव्याभोवती खलाशी जमले होते. करमअलीही होता, जरा मागे उभा.

"दाखव हात," शेठ म्हणाला.

तांडेलानं हात वर केला. कानापर्यंत. खलाशांनी "वाहवा" केली.

"झालं तर. सुकाणूला एवढा पुरे."

एवढा पुरे होता. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. तीन महिने तो या एका शब्दासाठी दोरीला लटकला होता. त्यानं खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं पाण्याची ओढ आडवी येते. वारा भरला की सुकाणू माणसाला उचलून फेकतं. हात वर गेला होता, पण त्यात जोर नव्हता. सकाळी त्यानं त्या हातानं पाण्याची कळशी उचलून पाहिली होती आणि ती नूरबानूच्या पायावर सुटली होती.

"न्हाय शेठ," तो म्हणाला. "हात सोबत येईल. कामाला यायचा न्हाय अजून. पोराला द्या सुकाणू."

करमअलीनं मान खाली घातली.

"आणि तू?" शेठनं विचारलं.

"भंडारी ठरलाय काय?"

भंडारी म्हणजे मचव्यावरचा स्वयंपाकी. ते काम पहिल्याच वर्षी दर्यावर आलेल्या पोराचं. खलाशी हसले. शेठही हसला. तांडेल हसला नाही, तेव्हा सगळे थांबले.

"भात ढवळायला डावा हात पुरतो," तो म्हणाला.

अशा रीतीनं तीस वर्षं दर्यावर काढलेला तांडेल आपल्याच मचव्यावर भंडारी म्हणून चढला. पहिल्या फेरीत भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. करमअली मुकाट्यानं जेवला. बाबामिया नावाचा जुना खलाशी मुकाट्यानं जेवणारा नव्हता.

"चाचा, यात वाळू हाय का मीठ?"

"दोन्ही. मोठ्या मनानं घातलंय."

रोज फजरनंतर तो मचव्याच्या कडेला बसून तेल लावी आणि डोलकाठीच्या दोरीला हात देई. ओढत नसे. दुखलं की थांबे. सुरुवातीला खलाशी बघत. मग बघेनासे झाले. आपल्या नेमाची कुणाला गंमत वाटत नाही, याचं त्याला आधी वाईट वाटलं आणि नंतर बरं वाटलं.

सुक्या बांगड्यांची टोपली पाणी उडू नये म्हणून डोलकाठीला उंच टांगलेली असे. तांडेलाचा उजवा हात तिथवर पोचत नसे, म्हणून ती काढून द्यायचं काम बाबामियाचं. फाल्गुनात, मचवा मुंबईहून परतताना, बाबामिया खाली पाणी उपसत होता. वर आला तर बांगडे चुलीवर भाजत होते.

"चाचा, टोपली कुणी काढली?"

"मी."

"कुठल्या हातानं?"

तांडेलानं दोन्ही हातांकडे पाहिलं. त्याला आठवेना. डाव्या हातात पळी होती. ती भात टाकल्यापासून त्यानं खाली ठेवलीच नव्हती.

बाबामिया मागे वळून ओरडला, "करमअली! चाचानं टोपली काढली! भरलेली!"

करमअली सुकाणूवर होता. त्यानं एकदा शिडाकडे पाहिलं, एकदा चुलीकडे. मग सुकाणूचा दांडा एका हातानं धरून तो बाजूला सरला. बसायची जागा मोकळी केली.

"या चाचा," तो म्हणाला. "तुमची जागा."

सगळा मचवा बघत होता. वारा चांगला होता. नजमुद्दीन तांडेल अर्धा उठला. मग परत उकिडवा बसला आणि त्यानं भातावरचं झाकण किंचित उचलून पाहिलं.

"थांब रे," तो म्हणाला. "अजून वाफ यायचीय."