चौथा कोपरा

"मधलं नंतर. आधी कोपरा बघ!"

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे काका फोटो दाखवताना हेच म्हणायचे आणि खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. गच्चीवर दुर्बीण लावून ताऱ्यांचे फोटो काढायचे, तेही दिल्लीच्या आकाशात! इथे चंद्र नीट दिसला तरी लोक एकमेकांना फोन करून सांगतात. तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच, त्याशिवाय सोसायटी पुरी होत नाही.

फोटो कृत्तिकांचा होता. मधले तारे टपोरे, गोल. तीन कोपरेही ठीक. चौथ्यात मात्र तारे जिऱ्यासारखे लांबट.

"कॅमेऱ्यातला सेन्सर केसभर तिरका बसलाय," काका म्हणाले. "एका बाजूला बारीक पट्टी सारली की झालं."

"अहो काका, कोपरा कोण बघतंय? द्या की फ्रेम करायला!" कीस पाडणारं कुणी दिसलं की माझी जीभ गप्प बसत नाही.

"तुझी काकू बघते."

काकूंना काचबिंदू. नजर कडांकडून विझत आत येत होती. मधली थोडी उरली होती, ती किती दिवस टिकेल हे डॉक्टरही सांगत नव्हते. नजर आहे तोवर हा फोटो भिंतीवर लागायला हवा, एवढाच काकांचा ध्यास. "ती एका वेळी एवढंच बघते," त्यांनी बोटांनी वाटीएवढा गोल केला. "कोपऱ्यावर नजर गेली की तेवढाच तिचा फोटो. तो वाकडा कसा चालेल, सांग."

वाईट वाटलं मला.

काकूंच्या गोळ्या संपल्या की पाकिटाचा चंदेरी कागद कापून काका त्याच्या पट्ट्या कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कडीखाली सरकवायचे. पण तिरकेपणा जायचा नाही, नुसती जागा बदलायचा. आज खाली उजवीकडे, तर पुढच्या खेपेला वर डावीकडे. "अच्छा, आता इकडे आलास का?" काका चक्क कोपऱ्याशी भांडायचे. त्यात दिवाळीनंतरचा धूर, आकाशच गायब. काका गॅलरीत येऊन नुसते वर बघत उभे राहायचे.

चूक पकडली काकूंनी, एका दुपारी जेवणाच्या टेबलावर. काढलेला कॅमेरा परत बसवताना दर वेळी थोडा फिरायचा आणि पट्टी भलत्याच कोपऱ्याखाली जायची. काकूंनी कपाळावरची टिकली काढून चाचपत कॅमेऱ्यावर लावली, दुसरी दुर्बिणीवर.

"कुकरचं झाकण खूण जुळवून लावतात ना? तसं लावा. टिकलीसमोर टिकली. इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात काय बघितलंत हो?"

काका लाजले. मी पोट धरून हसले.

थंडी सरता सरता वारा सुटला, आकाश मोकळं झालं. चारही कोपऱ्यांत तारे गोल आले. फ्रेम भिंतीवर लागली त्या संध्याकाळी काकू तिच्यासमोरून हलेचनात. काका बाजूला खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते.

उन्हाळ्यात काका गेले. दुर्बीण एका शाळेला दिली, टिकली तशीच ठेवून.

परवा भाजी द्यायला वर गेले. काकू भिंतीला नाक लावून उभ्या होत्या, फ्रेमच्या खालच्या उजव्या कोपऱ्याशी.

"काकू, मधले तारे दिसतात ना अजून?"

"दिसतात गं. पण आधी कोपरा बघते," त्या मान न वळवता म्हणाल्या. "नाहीतर ते रागावतात."