ज्या हत्तीपुढे कुणी कोंबडी खाईना

हल्ली ज्याला त्याला परदेशात जाऊन मोठ्या कापडी उंदराशेजारी बसून जेवायचं असतं. जा बापडे, जरूर जा. पण हे जेवण आम्ही नव्वदच्या दशकातच जेवलोय, पेणच्या पुढे हायवेलगत, आणि तेही आमच्याच घरात बनलेल्या हत्तीसोबत. त्यामुळे या विषयावर सल्ला द्यायचा मला पूर्ण अधिकार आहे.

जायचं ठरलं ते माझ्या भावामुळे. माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं, घरचा कारखाना गणपतींचा. विसर्जन झालं की दादा पुढचे दोन-तीन महिने मोकळा. त्या वर्षी हायवेवर पाळणे, घसरगुंड्या आणि तलाव असलेली एक बाग नवीन निघाली होती, आणि तिथल्या हॉटेलात प्राण्यांचे पोशाख घातलेली माणसं टेबलाटेबलावर हिंडणार होती. त्यांची डोकी कागदाच्या लगद्याची करायची ऑर्डर दादाला मिळाली. पहिलं डोकं हत्तीचं, ते दादाने तीन आठवड्यांपूर्वीच पोचतं केलं होतं. ते पसंत पडलं तर आणखी चार, आणि मग दरवर्षी काहीतरी. दादाला बारा महिने काम हवं होतं, त्यामुळे तो देव पाण्यात ठेवून बसला होता. मी म्हटलं, "दादा, घाबरतोस काय? जोह्याचं काम हाय ते! मी येते बघायला."

दिवाळीची सुट्टी होती. नवऱ्याला कंपनीत फर्स्ट शिफ्ट, म्हणून रविवारी सकाळी मी आणि माझी सहा वर्षांची पल्लवी रोह्याहून पॅसेंजरने निघालो. डावीउजवीकडे भातं पिवळी झालेली, कासूच्या पुढे तर खिडकीतून नुसतं सोनं. पेणला उतरून आधी पोह्याचे पापड घेतले (तुम्हीही घ्या, भाव न करता घ्या), स्टँडवर दादा भेटला, आणि पनवेलकडच्या एसटीने वीस मिनिटांत बागेच्या फाटकाशी. लहान मूल बरोबर असेल तर दुपारी बारानंतर जाऊ नका, ऑक्टोबरच्या उन्हात घसरगुंडीचा पत्रा तव्यासारखा तापतो. पल्लवी एकदाच बसली आणि बोंबलत उठली.

हॉटेलातलं ताट पंचावन्न रुपयांचं. त्या काळात हे जास्तच, पण कोंबडीचा रस्सा, वडे, भात, सोलकढी आणि शिवाय हत्ती. आम्ही कोपऱ्यातलं टेबल धरलं. आणि आतल्या दारातून हत्ती आला.

काय सांगू, कसला देखणा! गुलाबी झाक असलेला चेहरा, बाकदार सोंड, आणि डोळे. दादाच्या डोळ्यांना पेणमध्ये तोड नव्हती, अर्धे मिटलेले, खाली बघणारे, माया ओतणारे. ऊर भरून आला माझा.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. त्यांच्यातली आजी हत्ती जवळ येताच उठली, चपला टेबलाखाली सारल्या आणि हात जोडले. नातवाला म्हणाली, "आधी पाया पड रे, मग खा."

नातू पोशाखातल्या माणसाच्या बुटांना हात लावून पाया पडला. आत हॉटेलातलाच मधू नावाचा पोरगा होता, बिचाऱ्याने गोंधळून आशीर्वादाला हात वर केला. मग काय विचारता! पलीकडच्या टेबलावरचे लोक उठले, एका बाईने ओढणी डोक्यावर घेतली. एका गृहस्थांनी वेटरला बोलावून हळूच सांगितलं, "ती चार कोंबडीची ताटं राहू दे. पुलाव आण, कांदा नको."

मी पल्लवीच्या ताटातली तंगडी उचलायला गेले आणि माझाही हात थबकला. माझासुद्धा! खोटं कशाला बोलू.

मॅनेजर बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. त्याने दादाला गल्ल्यापाशी बोलावलं, मी मागोमाग गेलेच. तो म्हणाला, "कलाकार, काम एक नंबर हाय. पण मला गिऱ्हाईक जेवायला पायजे, दर्शनाला नाय. तीन रविवार कोंबडी पडून राहतेय. बुधवारी एका शाळेची सुट्टीतली सहल येतेय, मोठी पार्टी हाय. तोपर्यंत हत्ती आणा, नायतर बाकीची चार मी मुंबईहून मागवतो."

करायला गेलो गणपती नि झाला मारुती, असं म्हणतात. आमच्या दादाने हत्ती करायला घेतला आणि झाला गणपती. जोह्याबाहेर ही चूक कोण करणार?

डोकं घेऊन आम्ही जोह्याची एसटी धरली. एका म्हाताऱ्याने खिडकीची जागा सोडली, माझ्यासाठी नव्हे, डोक्यासाठी. कंडक्टर म्हणाला, "द्येवाचं तिकीट फाडू काय?" सगळी गाडी हसली. दादा हसला नाही.

मी म्हटलं, "डोळे पुसून दुसरे काढ. तासाभराचं काम."

"नाय गो," तो म्हणाला. "काढलेला डोळा आपण पुसत नाय. बाबांनी कधी पुसला नाय, मी पण नाय पुसणार."

इथे मी वाद घातला नाही. आमच्याकडे आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, सगळ्यात शेवटी होतं, आंघोळ करून, उपाशीपोटी, आणि एकदा डोळा उघडला की उघडला. नशिबाने हत्तीणीसाठी त्याच साच्यातून काढलेलं दुसरं डोकं कारखान्यात कोरं पडलं होतं. सोमवारी त्याला राखाडी रंग दिला. मंगळवारी दादा ब्रश घेऊन बसला. आधी पुठ्ठ्यावर काढून बघ म्हटलं, तर पाच वेळा काढले आणि पाचही वेळा तेच डोळे, खाली बघणारे, मायेचे. पल्लवी म्हणाली, "मामा, हत्ती असा नाय बघत." दादाने ब्रश पाण्यात टाकला. त्याचा चेहरा एवढासा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग तोच ब्रश झटकून माझ्यापुढे धरत म्हणाला, "सुले, तू काढ."

"मी?"

"तुझ्या हाताला देवाची सवय नाय."

मला राग आला आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. सवय कुठून असणार? लग्नापर्यंत मी त्या कारखान्यात मुकुट रंगवले, अंगठ्या रंगवल्या, पितांबराचे काठ ओढले. ब्रश डोळ्यांपाशी नेला की बाबा म्हणायचे, "ते तुझं काम नाय पोरी." मी कधी विचारलं नाही का ते. पण मला येतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पोटभर तांदळाची भाकरी खाऊन बसले, मुद्दाम. शेजारच्याच्या ताटातल्या पापडावर टपलेला माणूस कसा बघतो, तसे डोळे काढले. गोल, तिरके, एक भुवई वर. पल्लवी खदखदून हसली. दादाने डोकं उजेडात फिरवून बघितलं, म्हणाला, "चावट हाय. बेस हाय."

बुधवारी पुन्हा तेच हॉटेल, शाळेची चाळीस पोरं. मधू नवं डोकं घालून आला मात्र, एका पोराने त्याची सोंड ओढली. दुसरीने तोंडात वडा कोंबला. त्यांच्या शाळेतली एक बाई ओरडली, "ए हत्ती, माझ्या पापडाकडे बघायचं नाय हां!" कोंबडी दीड वाजताच संपली, आम्हाला पिठलं खावं लागलं. (जायचं असेल तर एकच्या आत टेबल धरा, आणि गरम रस्सा टेबलाच्या मधोमध ठेवा, सोंड कधी कुठे फिरेल नेम नाही.) मॅनेजर खूश. "उरलेली चार कधी देता?" दादाने माझ्याकडे बोट केलं. "डोळे हिचे हायत. हिला इचारा." त्याच जागी मी चारही कबूल केली, वर गाडीभाडंही मागून घेतलं.

संध्याकाळच्या पॅसेंजरने रोह्याला परतलो. कुंडलिका नदीवरून छान वारा येत होता. नवरा शिफ्टवरून आलेला, चहा मांडला होता. त्याला सगळं रंगवून सांगितलं, सोंडेची ओढाओढ, वडा, पापड. तो पोट धरून हसला. म्हणाला, "म्हणजे फत्ते!"

फत्तेच. पुढे सहा-सात वर्षं दादाला त्या बागेचं काम मिळालं आणि एकूण एक डोळे मी काढले, सशाचे, अस्वलाचे, माकडाचे. जोह्यात दुसऱ्या कुणाला ते जमलं नाही, हे मी छाती ठोकून सांगते. तुमची पोरं असल्या जागी नेऊन आणा, मजा येते.

फक्त त्या बुधवारी चहाचा कप हातात घेतला आणि मला रडूच फुटलं. नवरा घाबरला, "अगो, झालं काय?" काय सांगणार त्याला? चाळीस पोरं, त्यांच्या मास्तरणी, एवढी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि एकानेही हात जोडले नाहीत. तसंच व्हायला हवं होतं, त्यासाठीच तर काढले होते ते डोळे. तरी एकाने तरी जोडायला हवे होते.