एका गिअरचा पाववाला

चौलजवळच्या चढावर पाववाल्याला मागे टाकणं हा माझा रोज सकाळचा विजयसोहळा होता. माझ्या सायकलला एकवीस गिअर. त्याच्या मळकट माउंटन बाइकला एकच. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले बाकीचे त्याने काढूनच टाकले होते. सपाटीवर तो झकास जायचा, पण चढ लागला की उतरून भोंगा वाजवत सायकल ढकलायचा. मी वर पोचून पावासाठी राजासारखा त्याची वाट पाहायचो. तो यायचा तेव्हा टोपली रिकामी!

एकदा बायकोने बजावलं, "पाहुण्यांसाठी भुर्जी केलीय. पावाशिवाय घरात पाऊल टाकू नका."

मग चढ लागताच मीही सायकलवरून उतरलो आणि त्याच्यासोबत चालू लागलो. दर चार पावलांवर एक दार उघडत होतं. "मामा, चार द्या." "मामा, काल का नाय आलात?"

"गिअर बसवून घ्या की," मी म्हणालो.

तो हसला. "मंग मीपन तुमच्यासारखा ह्या दारांवरून सुसाट जायन, दादा. पाव कोन घेनार?"

शेवटच्या दारात त्याने टोपलीवर हात ठेवला. "हे सहा न्हाय मिळायचे, मावशी. हे सायेब रोज पावासाठी वर जाऊन ताटकळतात. आज पयल्यांदा सोबत आलेत."